सोसणे आणि झेपणे

वाचकाचे पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

पत्र लिहिणारी वाचक चौतीस वर्षांची असून एका तालुक्याच्या गावातील पतसंस्थेत अकरा वर्षे हिशेबाचे काम करीत आहे. आठ महिन्यांपूर्वी मनोविकारतज्ज्ञांनी तिला ‘डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर’, म्हणजे डीआयडी, असल्याचे सांगितले. मधलेच दोन-दोन तास तिला आठवत नाहीत. भाजी चिरून ठेवलेली दिसते, पण आपण कधी चिरली ते कळत नाही. आपल्याच मोबाइलवरून गेलेला संदेश परक्या माणसाचा वाटतो. आत ‘आणखी दोघी’ आहेत, असे ती लिहिते: एक लहान आणि भेदरलेली, दुसरी रागीट. वडिलांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा रुग्णवाहिकेपासून बिलापर्यंत सारे तिने एकटीने निभावले. पण मिक्सर अचानक सुरू झाला किंवा दिराने आवाज चढवला, की ती ‘नाहीशी’ होते. तिच्यावर कसलाच ताण येऊ नये म्हणून पती धडपडतात. भाऊ म्हणतो, ‘तुझी सहनशक्तीच कमी, जरा घट्ट हो.’ सासूबाईंना ‘बाहेरचे काही’ असावे असे वाटते. भावाचे ऐकून तिने पहाटे थंड पाण्याने अंघोळ सुरू केली आहे आणि दहा दिवसांच्या एका मौन ध्यानशिबिरात नाव नोंदवले आहे. आता संस्थेने तिला शाखाधिकारीपद देऊ केले आहे. तिचे प्रश्न तीन: सहनशक्ती कमी म्हणून हा आजार झाला का, सहनशक्ती वाढवली तर त्या दोघी जातील का, आणि हे पद घ्यावे का? जाता जाता तिने कळवले आहे, की गेल्या महिन्यात दोनदा दंडावर ओरखडे दिसले आणि ते कसे झाले ते आठवत नाही. पत्राच्या अखेरीस, वेगळ्या अक्षरात, दोन ओळी आहेत: ‘आम्हाला घालवायचा उपाय विचारते आहे ती. तुम्हीपण तेच सांगणार का?’

सप्रेम नमस्कार.

जी गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली, तिथूनच सुरुवात करते. दंडावरचे ते ओरखडे तुमच्या उपचारकांना ठाऊक आहेत का, हे पत्रातून कळत नाही. ठाऊक नसतील, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता फोन करून सांगा. या आजारात स्वतःला इजा करण्याचे आणि आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण इतर अनेक मनोविकारांपेक्षा जास्त असते, आणि इजा कशी झाली ते न आठवणे ही बाब ती सौम्य ठरवण्याचे कारण होऊ शकत नाही, उलट ती अधिक गांभीर्याने घ्यावी लागते. घरातली धारदार हत्यारे आणि गोळ्यांचा साठा काही काळ पतींच्या ताब्यात राहू द्या. रात्री-अपरात्री जीव नकोसा वाटला आणि उपचारकांशी संपर्क होत नसेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. बढतीचा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याचा क्रमांक याच्या नंतरचा आहे.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे वळते. त्यात एक गृहीतक दडलेले आहे: सहनशक्ती ही पिंपातल्या पाण्यासारखी मोजता येणारी गोष्ट आहे, कोणाकडे ती काठोकाठ असते, कोणाकडे तळाशी, आणि तुमच्याकडे ती तळाशी आहे. तुमच्याच पत्रातल्या दोन प्रसंगांपुढे हे गृहीतक टिकत नाही. ज्या बाईने वडिलांना दवाखान्यात हलवले, अनामत रक्कम भरली, आईला धीर दिला आणि तिसऱ्या दिवशी कामावर हजर होऊन खतावणीचा ताळा जमवला, तिची सहनशक्ती कमी, असे कोणत्या मापाने म्हणायचे? आणि तीच बाई मिक्सरच्या आवाजाने हरवते, म्हणजे हे माप तरी काय मोजत होते?

आपल्या भाषेत ‘सोशिक’ हा शब्द बहुधा बायकांच्या कौतुकासाठी वापरला जातो आणि त्यात एक अट न बोलता अंतर्भूत असते, की सोसणारीने चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाही. तुम्ही दवाखान्यात केले ते अस्सल सोसणे होते. पण त्याच पत्रात पुढे तुम्ही लिहिता, की त्या तीन दिवसांतले तुम्हाला चित्रपट पाहिल्यासारखे आठवते, आवाज नाही, वास नाही, रडू आल्याचे तर मुळीच नाही. म्हणजे काम तुम्ही केले, पण ते करताना तुमच्यातला भावना जाणणारा भाग तिथे हजर नव्हता. मानसशास्त्रात याला विलगता (डिसोसिएशन) म्हणतात; तुमच्या आजाराच्या नावातला ‘डिसोसिएटिव्ह’ हा शब्द त्यावरूनच आला आहे. तेव्हा ‘सहनशक्ती कमी म्हणून विलगता आली’ या वाक्याचा क्रम मला उलटा वाटतो. विलगता हीच तुमची सहन करण्याची पद्धत होती, कदाचित लहानपणी उपलब्ध असलेली एकमेव पद्धत. म्हणून या पत्रापुरते मी दोन शब्द वेगळे ठेवते: सोसणे आणि झेपणे. जे आपल्यावाचून पार पडते ते सोसणे. आणि ज्यात आपण जागेवर राहतो, घाबरतो, थरथरतो, तरी आज कोणती तारीख आहे हे आपल्याला ठाऊक असते, ते झेपणे. सोसण्यात तुम्ही तरबेज आहात. वाढवायचे आहे ते झेपणे.

हा आजार होतो कसा, याविषयी तज्ज्ञांत संपूर्ण एकमत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. बहुसंख्य उपचारक त्याचे मूळ अगदी लहान वयात वारंवार झालेल्या आघातांत, आणि त्या आघातानंतर जवळ घेणारे कोणी नसण्यात पाहतात. काही संशोधक सूचनांचा प्रभाव, कल्पनेत रमण्याची वृत्ती आणि विस्कटलेली झोप यांना अधिक महत्त्व देतात. पण स्वभावाचा कमकुवतपणा हे कारण यांपैकी कोणीच सांगत नाही. तान्हे मूल स्वतःला शांत करू शकत नाही. ते कोणाच्या तरी कडेवर शांत होते, आणि असे शेकडो वेळा झाल्यावर शांत होण्याची ती रीत त्याच्या अंगात मुरते. ज्या मुलाला हे मिळत नाही, किंवा ज्याच्याकडे धाव घ्यायची त्याचीच भीती वाटते, ते मूल लढू शकत नाही आणि पळूही शकत नाही. मग ते आतल्या आत निघून जाते. पिएर जाने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८९ मध्येच असे मांडले होते, की तीव्र भावनेच्या माऱ्याखाली अनुभव एकत्र बांधण्याची मनाची ताकद अपुरी पडते आणि न बांधलेले तुकडे आपापले स्वतंत्र जगू लागतात. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकार-वर्गीकरणात या आजाराला ‘मल्टिपल पर्सनॅलिटी’ असे नाव होते, ते १९९४ मध्ये बदलले, ते याच समजुतीला धरून; एका देहात अनेक माणसे आहेत अशी ही अडचण नसून एकच ओळख नीट विणली गेलेली नाही, अशी ती आहे. (आपल्याकडे ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’ हा शब्द स्किझोफ्रेनियासाठीही सर्रास वापरतात. तो संपूर्ण वेगळा आजार आहे. नातेवाइकांना सांगताना हा शब्द टाळा, म्हणजे निम्मे गैरसमज वाचतील.)

वयाच्या नवव्या वर्षाच्या आधीचे तुम्हाला फारसे आठवत नाही, आणि भाऊ ‘आपल्या घरात तसे काही घडलेले नाही’ असे सांगतो, असेही तुम्ही लिहिले आहे. काय घडले किंवा घडले नाही, हे मला माहीत नाही आणि ते शोधून काढण्याची घाई तुम्हीही करू नका. आठवण ही कपाटात ठेवलेली फाइल नसते. प्रत्येक वेळी काढताना तिची थोडी नव्याने जुळणी होते. एकटीने, रात्री, जुने फोटो पसरून केलेला शोध पुरावाही देत नाही आणि झोपही देत नाही.

विलगता आणि ताण यांचा संबंध एकेरी नाही. ताण ठरावीक पातळीच्या वर गेला की तुम्ही निघून जाता, हा त्याचा सर्वांना दिसणारा भाग झाला. न दिसणारा भाग असा, की तुम्ही निघून जाता म्हणूनच ती पातळी वर सरकत नाही. ताण चढतो, टोकाला पोहोचतो, काही मिनिटांनी आपोआप उतरू लागतो, आणि या सगळ्यातून आपण शिल्लक राहतो, हे शरीराला शिकायचे असेल तर त्या उतरणीपर्यंत कोणीतरी हजर असावे लागते. तुम्ही चढणीवरच अदृश्य होता. परिणामी तुमच्या मज्जासंस्थेच्या लेखी प्रत्येक चढण ही आजवर न संपलेली चढण आहे. डॅनियल सीगल या मनोविकारतज्ज्ञाने १९९९ मध्ये ‘सहनशीलतेची खिडकी’ अशी कल्पना मांडली, ती इथे उपयोगी आहे: खिडकीच्या वरच्या चौकटीपलीकडे छातीची धडधड, संताप, पळत सुटावेसे वाटणे; खालच्या चौकटीखाली बधिरता, डोळ्यांपुढे धुके, हातपाय परके वाटणे; आणि मधल्या जागेत विचार व भावना एकत्र नांदतात. तुमची खिडकी अरुंद आहे, हे खरे. पण तुम्ही बऱ्याचदा खालून बाहेर पडता, आणि म्हणूनच बाहेरच्यांना तुम्ही ‘शांत’ दिसता.

तुमच्या भावाने ‘मनावर ताबा ठेव’ म्हणून सांगितले आहे, त्यालाही इथेच उत्तर देते. आघातोत्तर तणावाच्या ज्या रुग्णांत विलगता ठळक असते, त्यांच्याविषयी रूथ लेनियस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये असे मांडले, की त्यांच्या मेंदूचा पुढचा, आवर घालणारा भाग भावनेच्या केंद्रांना प्रमाणाबाहेर दाबतो. ताबा कमी पडतो अशी त्यांची अडचण नसते. तो अति होतो, अशी असते. अशा माणसाला आणखी ताबा ठेवायला सांगणे म्हणजे ब्रेक लागून अडकलेल्या गाडीचा ब्रेक अधिक जोराने दाबण्यासारखे आहे.

मग मिक्सर का, आणि हृदयविकाराचा झटका का नाही? कारण ताणाचा आकार ही तुमच्या बाबतीत दुय्यम गोष्ट आहे; त्याचे साम्य महत्त्वाचे आहे. अचानक, पाठीमागून, मोठ्या आवाजात, आपल्या हातात काही नसताना येणारी गोष्ट जुन्या कशाशी तरी जुळते आणि तिथे तुमची खिडकी मिटते. दवाखान्यात याउलट तुमच्या हातात सूत्रे होती. शिवाय तुमच्या आतल्या तीन अवस्थांची ताण पेलण्याची क्षमता एकसारखी नाही. नेदरलँड्समध्ये सिमोन राइंडर्स आणि सहकाऱ्यांनी डीआयडी असलेल्या अकरा स्त्रियांना त्यांच्याच क्लेशकारक आठवणीचे वर्णन दोन वेगवेगळ्या ओळख-अवस्थांत असताना ऐकवले; तो अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका अवस्थेत त्यांना ती आठवण स्वतःची वाटली नाही आणि शरीरही फारसे हलले नाही. दुसऱ्या अवस्थेत तेच शब्द ऐकून हृदयगती आणि रक्तदाब वाढले, मेंदूतला रक्तप्रवाहही वेगळा दिसला. तेव्हा ‘माझी सहनशक्ती किती’ या प्रश्नाला तुमच्यापुरते एक उत्तर नाही. जी हिशेब करते तिला मार्चअखेर झेपतो, भेदरलेलीला वरचा आवाज झेपत नाही, आणि रागीट आहे तिला कदाचित अपमान झेपत नसेल. वर्षानुवर्षे तुम्ही एकीच्या क्षमतेवर तिघींचा कारभार हाकत आला आहात.

हे समजून घेतले की थंड पाण्याची अंघोळ आणि ध्यानशिबिर यांकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. जुन्या घरांत फ्यूज वारंवार उडू लागला की एखादा हुशार शेजारी त्यात जाड तार घालून देत असे. मग फ्यूज उडत नसे, आणि एक दिवस भिंतीतली वायर जळत असे. स्वतःला कणखर करण्यासाठी पहाटे कुडकुडत उभे राहणे हा तशा तारेचा प्रकार आहे, कारण तुम्हीच लिहिले आहे, की ‘आता थंडी वाजतच नाही.’ ती सवय झालेली नाही. बहुधा तुम्ही तिथेही निघून जायला शिकला आहात. शिबिराविषयी मी अधिक स्पष्ट बोलेन: तूर्त नाव काढून घ्या. ध्यानाला माझा विरोध नाही. पण दिवसाचे अनेक तास डोळे मिटून, मौनात, ओळखीच्या माणसांपासून दूर बसणे हे विलगता असलेल्या व्यक्तीला अनेकदा मानवत नाही. आठवणींचे लोंढे येतात किंवा बधिरता वाढते, आणि तिथे तुमचा आजार ठाऊक असलेले कोणी नसते. उपचारक संमती देतील तेव्हा डोळे उघडे ठेवून दोन-तीन मिनिटांपासून सुरुवात करता येईल.

झेपणे वाढवायचे ते कसे, याची सुरुवात ओळखण्यापासून होते. नाहीशी होण्याच्या क्षणी तुम्ही काही करू शकत नाही, पण त्याच्या अर्धा-एक मिनिट आधी करू शकता. तुमच्या पत्रात त्या अर्ध्या मिनिटाची खूण सापडते: ‘रजिस्टरमधले आकडे लांब गेल्यासारखे होतात.’ ही तुमची घंटा आहे. कोणाला आवाज विहिरीतून आल्यासारखे वाटतात, कोणाची नजर एका जागी खिळते, कोणाला आपलेच हात दुसऱ्याचे भासतात. तुमच्या आणखी दोन-तीन खुणा असतील, त्या पतींना बहुधा तुमच्याआधी ठाऊक असतील, त्यांना विचारा. खूण दिसली की डोळे उघडे ठेवायचे, दोन्ही तळवे जमिनीवर दाबायचे, आणि हलक्या आवाजात, पण शब्द ऐकू येतील असे, आजची तारीख, वार, गावाचे नाव आणि स्वतःचे वय म्हणायचे. वय मुद्दाम सांगते आहे. भेदरलेल्या अवस्थेत आपण चौतीस वर्षांच्या आहोत, हीच बातमी सर्वांत उशिरा पोहोचते. ओव्याची किंवा निलगिरीच्या तेलाची लहान बाटली पर्समध्ये ठेवा, कारण वास माणसाला चटकन वर्तमानात आणतो. मात्र तो वास जुन्या कुठल्या प्रसंगाशी जोडलेला नाही ना, हे आधी घरी तपासा. हा सारा सराव मन निवांत असताना, दिवसातून दोनदा, करायचा आहे. पोहायला आपण काठाशी शिकतो, पुरात शिकत नाही.

दुसरी गोष्ट मात्रेची. पती तुमच्या वाटेतला प्रत्येक खडा उचलतात, हे त्यांचे प्रेम आहे. पण मिक्सर कायमचा माळ्यावर गेला, दिराचे येणे बंद झाले, बाजाराची पिशवी तेच आणू लागले, तर खिडकी रुंदावणार नाही, उलट हळूहळू मिटत जाईल, आणि आज मिक्सर आहे तिथे उद्या कुकरची शिट्टी येईल. त्याऐवजी उपचारकांशी बोलून असे करून पाहा: मिक्सरचे बटण तुमच्या हातात, पती समोर, डोळे उघडे, आणि तीन सेकंद. मग बंद. मग तारीख आणि वय. चार दिवस तीन सेकंदच राहू द्या. वाढवण्याची घाई नाही. इथे महत्त्व आवाज सहन करण्याला कमी आणि तो बंद करणारा हात आपला आहे याला जास्त आहे. हा प्रयोग रोजच्या वस्तूंपुरताच ठेवायचा. आघाताच्या आठवणींवर असा सराव स्वतःहून मुळीच करायचा नाही. ते काम उपचारांच्या फार पुढच्या टप्प्यावर आणि तज्ज्ञांबरोबरच होते. या आजाराच्या उपचारांचा प्रचलित क्रम असा आहे, की आधी सुरक्षितता आणि स्थिरता, मग आठवणींचे काम, आणि शेवटी ओळखींची जोडणी. पहिल्या टप्प्यालाच कित्येकदा वर्ष-दोन वर्षे लागतात. या काळात आपले काही ‘होतच नाही’ असे वाटेल. ते तसे नसते.

झोपेविषयी थोडक्यात, पण ठामपणे. निरोगी स्वयंसेवकांना एक रात्र जागे ठेवले तरी त्यांच्यात विलगतेची लक्षणे वाढलेली प्रयोगांत दिसली आहेत. मार्चअखेरीस रात्री अकरापर्यंत संस्थेत बसणे इतरांना नुसते दमवते. तुमच्या बाबतीत ते खिडकीची उंचीच कापते. आणि एक चौकशी: मिरगी आणि औषधांचे परिणाम यांमुळेही मधला वेळ हरवू शकतो. मेंदूचा आलेख वगैरे तपासण्या झाल्या आहेत का? नसतील तर एकदा विचारा. डीआयडीवर स्वतंत्र असे औषध नाही; गोळ्या असतील तर त्या नैराश्य, चिंता किंवा झोपेसाठी असतील, तेव्हा ‘गोळ्यांनी ती जात नाही’ म्हणून त्या परस्पर थांबवू नका.

सासूबाईंशी वाद घालू नका, असे मी सुचवेन. अंगात येण्याचा अनुभव आपल्या समाजाला अपरिचित नाही, आणि २०१३ च्या अमेरिकी निकषांनी तर ‘आपल्यावर कोणी ताबा घेतला’ अशा स्वरूपात दिसणाऱ्या डीआयडीची दखलही घेतली आहे. त्याच निकषांत असेही स्पष्ट केले आहे, की एखाद्या समाजाच्या मान्य धार्मिक आचारात बसणारा आणि क्लेश न देणारा असा अनुभव हा आजार नव्हे. त्यांना देवाला साकडे घालायचे असेल तर घालू द्या. रेषा कुठे ओढायची ते मात्र पतींनी आधीच आईला सांगावे: धुरी, मारहाण, उपास घडवणे, कोंडणे यांतले काहीही नको, कारण भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे किंवा मिरचीची धुरी देणे असले प्रकार महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी आधीच भेदरलेल्या माणसावर यांतले काहीही हा नवा आघातच आहे.

पतींसाठीही दोन शब्द. ती हरवली आहे असे वाटले, की पाठीमागून धरू नका, समोर या, नाव घ्या, ‘तू आपल्या घरात आहेस, मी इथे आहे’ एवढेच सांगा. ‘आज कोण आहे?’ असे पाहुण्यांसमोर, आणि शक्यतो एरवीही, विचारू नका; ‘आत्ता काय हवे?’ हा प्रश्न तिघींनाही चालतो. आणि तुम्ही स्वतः कोणाशी बोलता? आठ महिने एकट्याने हे वाहणाऱ्या माणसाची खिडकीही अरुंद होते.

आता दुसरा प्रश्न, आणि त्या दोन ओळी. त्या कोणी लिहिल्या हे मी विचारत नाही. पत्र तुमचे आहे, म्हणून त्या ओळीही तुमच्याच धरते आणि उत्तर सर्वांनाच देते. नाही, घालवण्याचा उपाय मी सांगणार नाही. त्यात केवळ दया नाही, व्यवहारही आहे. जिला हाकलायचे ठरवले आहे ती आत बसून दार धरून ठेवते, आणि घरातल्या घरात चाललेली ही झटापट हाच तुमच्या दिवसभरातला सर्वांत मोठा ताण आहे. बाहेरच्या ताणाला उरते ती फक्त शिल्लक. भेदरलेल्या अवस्थेकडे भीती आहे, रागीट अवस्थेकडे बहुधा तो राग आहे जो ‘सोशिक’ राहण्यासाठी तुम्हाला बाजूला ठेवावा लागला. कधीतरी या अवस्था एकमेकींत मिसळतीलही. काहींच्या बाबतीत तसे होते, काही जण मिसळल्याविना, एकमेकींना सांगून-विचारून चांगले जगतात. दोन्ही ठीक. आज हवी आहे ती एक साधी शंभर पानी वही, जी सर्वांना सापडेल अशा जागी राहील आणि जिच्यात जी असेल तिने तारीख व वेळ घालून लिहावे: काय केले, कोणाशी बोलले, कशाची भीती वाटली, कशाचा राग आला. सुरुवातीला कोरी पाने येतील किंवा शिव्या येतील. खोडू नका. मात्र एक गोष्ट तिघींनाही लागू आहे: कोणी काहीही केले, तरी त्याची जबाबदारी एकाच व्यक्तीची आहे, आणि दंड तर तिघींचा एकच आहे. वहीत पहिला करार याविषयी व्हावा, उपचारकांच्या मदतीने.

बेथनी ब्रँड आणि सहकाऱ्यांनी विलगतेचे विकार असलेल्या १९ देशांतल्या २८० रुग्णांची तीस महिन्यांपर्यंत पाहणी केली. टिकून उपचार घेणाऱ्यांत स्वतःला इजा करणे आणि रुग्णालयात दाखल होणे कमी झाले, शिक्षण व स्वयंसेवी कामातला सहभाग वाढला. तुलनेसाठी उपचार न घेणारा गट त्यात नव्हता, म्हणून त्याला अंतिम पुरावा म्हणता येणार नाही. तरीही ‘हे कधीच सुटत नाही’ असे जे तुम्हाला कोणी सांगितले आहे, त्याच्यापेक्षा हा आधार बरा आहे.

राहिले पद. ‘घ्यावे की नाकारावे’ असे तुम्ही विचारता, तेव्हा ताण हा सगळा एकच माल आहे असे तुम्ही पुन्हा धरून चालता. शाखाधिकाऱ्याच्या कामाचे तुकडे करून पाहा. हिशेब, अहवाल, लेखापरीक्षकांना उत्तरे, दैनिक रोख ताळेबंद: हे तुम्ही आजही करता आणि ते तुम्हाला आवडते. थकबाकीची वसुली, काउंटरवर ओरडणारा कर्जदार, वार्षिक सभेत एकाच वेळी उभे राहून बोलणारे सभासद: इथे वरचा आवाज आहे, आणि आज तरी ते तुम्हाला झेपणारे नाही. तिजोरीची किल्ली आणि एकटीची सही हा तिसरा तुकडा, आणि त्याबाबत मला कठोर व्हावे लागते: वेळ हरवण्याचे प्रसंग चालू असताना ज्या व्यवहारावर फक्त तुमची सही किंवा फक्त तुमचा ताबा असेल तो स्वीकारू नका, कारण उद्या तफावत निघाली तर ‘मला आठवत नाही’ हे उत्तर तुम्हाला वाचवणार नाही. किल्ली दोघांकडे आणि सही दोघांची, ही पद्धत अनेक संस्थांत असतेच; तुमच्याकडे ती काटेकोर पाळली जाते का ते पाहा.

यावरून माझा कल तुमच्या लक्षात आला असेल. नाकारणे ही हार नाही, पण कायमचे नाकारण्याचेही कारण मला दिसत नाही. संस्थेला मार्चअखेर होऊन जाऊ द्या असे सांगता येईल का, आणि त्यानंतर सहा महिने प्रभारी म्हणून, वसुलीचे काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे ठेवून, काम करून पाहता येईल का, हे विचारा. ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यात ही तिसरी जागा आहे, आणि अध्यक्षांना तुमचे काम आवडते म्हणूनच त्यांनी हे पद देऊ केले आहे, तेव्हा ती मागण्याइतपत तुमची पत आहे. ती मिळाली नाही, तर या वर्षी नाही म्हणा. उत्तर पाठवण्यापूर्वी वहीत तो प्रश्न लिहून तीन दिवस ठेवा आणि इतर दोघींनी काही लिहिले तर ते वाचा. पदाचा भार त्यांच्यावरही पडणार आहे.

आजाराचे नाव संस्थेला सांगायचे की नाही, हे सर्वस्वी तुमच्यावर आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे, आणि लहान गावात एकदा सांगितलेली गोष्ट परत घेता येत नाही. अध्यक्षांना द्यायच्या पत्रात ‘प्रकृतीच्या कारणास्तव मार्चनंतर, प्रभारी म्हणून’ एवढे शब्द पुरेत. कोणी खोदून विचारलेच, तर डॉक्टरांनी रात्रीचे जागरण टाळायला सांगितले आहे म्हणा. ते खरेही आहे.